पाटील म्हणाले, तीन

आमच्या पाटलांना उभ्या आयुष्यात कुणी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. घरात खुर्च्या नव्हत्या असं नाही. लग्नकार्यात गावभर फिरून येणाऱ्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या पडवीत एकात एक घालून ठेवलेल्या असत. पाहुणा आला की त्याला त्यातली एक द्यायची आणि आपण त्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसायचं, ही त्यांची रीत. पाहुणा अवघडून जायचा. एकदा मत्स्य खात्याचे एक साहेब दहा मिनिटं चुळबुळ करून शेवटी पँट सावरत स्वतःच खाली बसले. पाटलांना विचारलं तर ते म्हणत, "खुर्चीवर मानसाचे पाय लोंबतात. तो उठायच्याच तयारीत असतो. त्याच्याशी काय बोलायचं?"

पालघरकडचं माहीम आणि एडवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचा कोळीवाडा आहे. इथे पाटील म्हणजे सरकारने नेमलेला पोलीस पाटील नव्हे. हा जमातीचा पाटील. बापाची काठी मुलाच्या हातात येते, निवडणूक नाही आणि पगारही नाही. पावसाळ्यानंतर होड्या कधी लोटायच्या, डोल म्हणजे खुंटांना बांधायचं जाळं लावायची कुठली जागा कुणाची, नारळी पौर्णिमेला पुढे कोण चालणार, हे सगळं त्याच्या शब्दावर. आमच्या घरी आईसुद्धा नवऱ्याला पाटीलच म्हणायची, त्यामुळे आम्ही तिघा भावंडांनीही त्यांना कधी बाबा म्हटलं नाही. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं, तरी माझ्या तोंडी तोच शब्द येतो.

तिघांतली मी तिसरी, आणि मी त्यांच्या पोटची नाही. हे गुपित नव्हे, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी जन्मदाती आई माझ्या जन्मानंतर लगेच गेली आणि त्याच हंगामात वडील समुद्रात गेले ते परत आले नाहीत. आमच्याकडे माणूस बुडाला की बाराव्या दिवशी त्याचं पोर पाटलाच्या मांडीवर बसवतात. पाटील जमलेल्या जमातीला विचारतो, "कोनाची?" आणि सगळे एका सुरात म्हणतात, "पाटलाची." आई जिवंत असेल तर पोर आईकडेच राहतं, पण शाळा, लग्न, अडीनडी पाटलाच्या माथी. मागे कुणीच नसेल तर ते पाटलाच्या घरी येतं. त्यानंतर हे पोर कुणाचं, हा प्रश्न गावात विचारायचा नसतो. मला मांडीवर घेतल्यावर पाटील दुसऱ्याच दिवशी पंचायतीत गेले आणि जन्माच्या नोंदीत आई-बाप म्हणून स्वतःचं आणि पाटलिणीचं नाव लावून आले. असं करू नये, दत्तकाची वेगळी रीत असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

त्यांच्या न्यायाची एक गंमत होती. दोन माणसं भांडत आली की ते दोघांनाही स्वतःची बाजू मांडू देत नसत. "तुजं म्हननं मला नको. याचं म्हननं तू सांग." आणि समोरचा मान डोलावून "हां, आसंच" म्हणेपर्यंत पहिल्याला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं. मग दुसऱ्याची पाळी. डोलीच्या जागेवरून हातघाईवर आलेले दोन सख्खे भाऊ एकदा सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या पडवीत एकमेकांची वकिली करत बसले होते. दुपारी त्यांना हसू फुटलं. आईने चहा दिला, ते पिऊन गेले. निकाल काय लागला ते मला आजतागायत माहीत नाही.

मी पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं तेव्हा पाटील रोज संध्याकाळी मला मोठ्याने वाचायला लावत. जाळं शिवता शिवता ऐकायचे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली, ग्रामसभा आली, राखीव जागा आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "याच्यात पाटील कुठं हाय?"

"कुठेच नाही," मी म्हणाले.

"बरं झालं. नायतर मला पन निवडून यायला लागलं असतं."

सरपंच आधी सदस्यांतून, मग थेट लोकांतून, मग पुन्हा सदस्यांतून, मग परत लोकांतून, हा फेरा मी वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "होडी आपन दर पावसाळ्यात वर काढतो ना? तसंच ते. दुरुस्ती करायलाच लागते. फक्त दुरुस्ती करनारा कदी तरी त्या होडीत बसलेला पायजे."

पुढे त्यांना खरंच निवडून यायची गरज पडली. आमच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या आहेत, म्हणजे ज्यांच्यावर बायका बोंबील वाळत घालतात त्या. त्या जागेवर पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग आणि पलीकडे हॉटेलाच्या खोल्या करायचं घाटत होतं. हे घाटवणारा आमच्याच वाड्यातला. होडी विकून तो तारापूरच्या कारखान्यांना माणसं पुरवायला लागला, म्हणून सगळे त्याला ठेकेदार म्हणत. लहानपणी तो आमच्याच घरी जेवलेला. आता एका कानाला मोबाइल लावून "हां भाई, कल सुबह गाड़ी भेजता हूँ" करत वाड्यातून फिरायचा. पाटलांनी जमात बोलावली, जागा बायकांची असं सर्वांनी ठरवलं, पाटलांनी पाटीलकीच्या अंगठीचा ठसा उमटवून ठराव तहसील कचेरीला पाठवला. वरून उत्तर आलं की जमातीचा ठराव ग्राह्य नाही, ग्रामपंचायतीचा लागतो. पाटलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. किनाऱ्यावरचा त्यांचा शब्द गावाबाहेर चालत नव्हता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सरपंचपदासाठी त्यांनी अर्ज भरला तेव्हा वाड्यातल्या बायका आम्हाला पोचवायला माहीमपर्यंत चालत आल्या होत्या. ते निवडून येणार यात कुणाला शंका नव्हती, ठेकेदारालाही नसावी. प्रचाराची पहिली सभा मात्र पाटलांनी जवळजवळ घालवली. सवयीप्रमाणे उठले आणि आधी ठेकेदाराची बाजू मांडायला लागले. पोरांना काम नाही, बोंबिलाला पूर्वीचा भाव नाही, बोईसरला रोज जाऊन येण्यात पोरांची हाडं झिजतात, गाड्या आल्या तर दोन पैसे गावात राहतील. इतकं चांगलं तर ठेकेदारालाही बोलता आलं नसतं. मागे उभा असलेला तो नकळत मान डोलावत होता. मग पाटील म्हणाले, "हे त्याचं म्हननं. खोटं नाय. पन बोंबील सुकवायला वारा लागतो, आनि वारा तितंच हाय." एवढं बोलून खाली बसले. आमच्या पॅनेलचे लोक डोक्याला हात लावून बसले होते.

छाननी पालघरच्या तहसील कचेरीत होती. मी बरोबर होते. ठेकेदाराने आक्षेप घेतला की पाटलांना तीन अपत्यं आहेत आणि तिसरं कायद्याने ठरवलेल्या तारखेनंतरचं, त्यामुळे ते उभे राहू शकत नाहीत. आमच्या बोईसरच्या वकिलाने अर्जात बिनधास्त दोन लिहिलं होतं, कारण त्याच्या मते खरं तेच होतं. निर्णय अधिकारी एक तरुण बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी कागद चाळले, ठेकेदाराकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं, आणि प्रकार काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं.

"पाटील, कायद्यात मांडीवर घेतलेलं मूल मोजत नाहीत," त्या म्हणाल्या. "नोंदीत गडबड झाली असेल तर तसं सांगा. ही मुलगी तुमची सख्खी नाही एवढं मला लिहून द्या, मी विचार करू शकते."

ठेकेदार पुढे झाला. त्याचा चेहरा पडला होता. "पाटलांनी नुसतं तोंडानी सांगावं, मी आक्षेप मागे घेतो. मला काय, मी पन त्यांचंच खाल्लंय."

खाली बसायला जागा नव्हती, म्हणून पाटील उभे होते. त्यांनी विचारलं, "सख्खी म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या रक्ताची."

"रक्ताचं मला ठावं नाय. घरात तीन हायत."

"पाटील, कायद्याच्या भाषेत सांगा. अपत्यं किती?"

"तीन."

मला राहवलं नाही. मी टेबलापाशी जाऊन म्हणाले, "मॅडम, मी यांची नाही. माझे वडील बुडाले, सगळ्या गावाला माहीत आहे. मी लिहून देते." पाटील माझ्याशी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळी कचेरी वळून बघेल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "बाय, गप ऱ्हा!" आणि बाईंकडे वळून पुन्हा म्हणाले, "तीन लिवा."

बाईंनी अर्ज बाद केला. दुसरं त्या काय करणार? आमचा वकील रुमालाने मान पुसत निघून गेला.

परतताना आम्ही टमटममध्ये बसलो. माझ्या मनात एकच होतं, माझ्यापायी बायकांची जागा गेली. शेवटी मी विचारलं, "दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी काय घर सोडून जाणार होते?"

ते म्हणाले, "आज तुला माजी नाय म्हनलो, तर उद्या कोन बुडाला की त्याचं पोर माज्या मांडीवर कोन देईल?"

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. ते माझ्यासाठी काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं, आणि ते पाटीलकीचं बोलले. मी बाहेर बघत राहिले. वाड्याच्या तोंडाशी उतरताना त्यांनी माझी कॉलेजची पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालायला लागले.

ठेकेदाराचं पॅनेल आलं. पाटील नारळ घेऊन नव्या सरपंचाकडे गेले, तिथेही जमिनीवरच बसले. निम्म्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले. बायका आता खाडीच्या बाजूला बोंबील सुकवतात. तिथे वारा कमी आणि चिखल जास्त, माल काळा पडतो. माझ्यामुळे हे झालं असं मला तोंडावर कुणी म्हटलं नाही. आमच्या आईनेही आपल्या वलांडीचे बांबू उपटून डोक्यावरून खाडीकडे नेले, आणि नेताना ती माझ्याशी कॉलेजच्या परीक्षेबद्दल बोलत होती.

पुढल्या पावसाळ्यात पाटील शेवाळावरून घसरले आणि कंबरेचं हाड मोडलं. ते पुन्हा मांडी घालू शकले नाहीत. खाटेवर पडून असत आणि भांडणारे खाटेच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची बाजू सांगत. ऐकता ऐकता पाटलांचा डोळा लागला तरी ते सांगणं थांबवत नसत.

पावसाळ्यानंतर होड्या लोटल्या आणि त्याच हंगामात एक होडी बुडाली. तिच्यावर ठेकेदाराच्या बहिणीचा नवरा होता. निवडणुकीत या घराने पाटलांच्या पॅनेलविरुद्ध दारोदार फिरून मतं मागितली होती. बाराव्या दिवशी सकाळी पडवीत पावलं वाजली. पुढे ठेकेदार, त्याच्या कडेवर तीन वर्षांची भाची, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलेलं, मागे बहीण आणि त्यांच्या मागे सगळी जमात. ठेकेदार उंबऱ्यातच थांबला. "पाटील," तो म्हणाला, "मांडी द्या."

पाटलांनी उठायचा प्रयत्न केला. दोन्ही दादा धरायला धावले, पण कंबर वळेना. मोठ्या दादाने विचारलं, "मी बसू काय?" काठी पुढेमागे त्याच्याच हातात जायची होती, ते रीतीला धरूनच झालं असतं. पाटलांनी मान हलवली आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"ती बसंल. ती बसलेली हाय आदी."

आमच्या जमातीत अशा वेळी बाई पुरुषांच्या रांगेत कधी बसत नाही. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घातली. ठेकेदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग वाकून मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

खाटेवरून पाटलांचा बारीक आवाज आला, "कोनाची?"

पाटील खाटेवर, पोर माझ्या मांडीवर, आणि जुनी माणसं अजून चाचरत होती. मग ठेकेदाराने डोळे पुसले आणि एकट्यानेच म्हटलं, "पाटलाची." मागून सगळी पडवी म्हणाली.

पाटलांनी खाटेवरून हात खाली सोडला. तो माझ्या डोक्यावर पडला आणि तिथेच राहिला. मुलगी झोपली होती. पायाला मुंग्या आल्या तरी मी उठले नाही.