हवेच्या मशीनला नारळ

मी गरोदर असताना आमच्या घरानं माझी जी काळजी घेतली, ती जगात कुठल्या सुनेच्या वाट्याला आली नसेल. पपई उंबऱ्याच्या आत येणं बंद झालं. ग्रहणात मला सुरीला हात लावू दिला नाही. शेजारणीनं "पोट लई मोठं दिसतंय" एवढं म्हटलं, तर आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिन्हीसांजेला माझी दृष्ट काढून मिरच्या परसातल्या चुलीत टाकल्या. धुरानं मी खोकून खोकून बेजार झाले. आत्ती म्हणाल्या, "बघ, ठसका न्हाय लागला. दृष्टच हुती."

आमचं गाव कोल्हापूरहून बिद्रीला जाताना लागतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून आमचाच उसाचा फड. हंगाम सुरू झाला की रोज कुणाचा तरी फड पेटतो, कारण पाला जळून गेला की टोळीला ऊस तोडणं सोपं जातं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. त्यावर आमच्या गावानं शोधलेला उपाय म्हणजे कपडे आत घेणं.

आठव्या महिन्यात कोल्हापुरात तपासणीला गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण संशोधन करत होती. बाळंतपणानंतर नाळेतलं थोडं रक्त द्याल का, असं तिनं विचारलं आणि नीट समजावूनही सांगितलं. आपल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. त्या वाचून शरीराचं वय काढता येतं आणि ते दिवस मोजून येणाऱ्या वयाशी जुळेलच असं नाही. गरोदरपणी आईच्या नाकातोंडात धूर जात राहिला, तर काही बाळांमध्ये हे घड्याळ जन्मतःच चुकलेलं दिसतं, कुणाचं पुढं, कुणाचं मागं. त्याचे परिणाम काय होतील हे अजून पक्कं कळलेलं नाही, पण धुरापासून लांब राहा, असं ती म्हणाली. माझा नवरा शेतीतला पदवीधर. तो म्हणाला, "वय पुढं गेलं तर शाळंत एक वरीस आधी घालूया की!" डॉक्टरीण हसली नाही. मला तर त्याला तिथंच सोडून यावंसं वाटलं.

तरी त्यानं येताना हवा साफ करायचं मशीन आणलं. आता घरात नवं यंत्र आलं, मग तो ट्रॅक्टर असो की मिक्सर, पूजा ही हवीच. आत्तींनी मशीनला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि त्याच्या अगदी तोंडाशी धूप आणि उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. मशीनचा हिरवा दिवा लाल झाला आणि ते जिवाच्या आकांतानं घरघरायला लागलं. "चालू झालं बघा!" म्हणत सगळ्यांनी हात जोडले. नंतर पेढेही वाटले.

यंदा आपला फड तरी पेटवू नका, एवढंच मी मागितलं होतं. त्याच आठवड्यात टोळी आली. नवरा म्हणाला, "पेटवल्याबिगर टोळी हात लावत न्हाय. तू खोलीत बस की. मशीन कशाला आणलंय मग?" म्हणजे जे बाळाला धुरापासून वाचवायला आणलं, त्याच्याच जिवावर आता बिनधास्त काडी ओढायची! एवढी अक्कल एका डोक्यात मावते कशी, याचं मला आजही नवल वाटतं. मी भांडले, रडले, जेवणावर राग काढला. संध्याकाळी फड पेटलाच. दारं-खिडक्या लावून, पोटावर हात ठेवून मी मशीनपुढं बसून राहिले. दाराच्या फटीतून जळका वास येतच होता.

सकाळी टोळीतली एक बाई मागच्या दाराशी पाणी मागायला आली. बीडकडची होती. तोंड, हात, साडी सगळं काजळीनं माखलेलं, आणि पोट माझ्याएवढंच. आत्तींचा जीव कळवळला. खरंच कळवळला, ते मी नाकारत नाही. त्यांनी तिला पायरीवर बसवून चहा दिला, खण-नारळ आणून तिची ओटी भरली. मी दारात येऊन उभी राहिले.

"कितवा महिना?" मी विचारलं.

"आठवा लागलाय, ताई," ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, तर ते आणखीच काळं झालं. तिच्या मागं फड अजून धुमसत होता.

तेवढ्यात आत्तींचं माझ्याकडं लक्ष गेलं. "अगं, तू भाईर कशाला आलीस? आत हो आधी! धुरानं बाळाला तरास हुईल!"

ती बाई ओटी सावरत उठली. तिनं आत्तींकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं. आणि कोयता उचलून फडात गेली.