पाटलीणबाईंचे बाफले

धार दरबाराकडून पीक पाहायला जाणारे विश्वासराव म्हणजे अंगानं काडी आणि तोंडानं तोफ. गावात घोडा थांबला की आधी भाषण. दरबारचा हत्ती कशावर जगतो? शेतावर. राजवाड्यातला दिवा कशावर जळतो? शेतावर. माझ्या डोक्यावरची ही पगडी कुठून आली? तीही शेतातूनच. तिरल्याकडच्या खेड्यांत हे भाषण इतकं पाठ होतं, की विश्वासरावांना ठसका लागला तर पुढचं वाक्य गावकरी पुरं करत. प्रत्यक्ष शेत मात्र ते घोड्यावरूनच पाहायचे, तेही घाईत. त्यांचं खरं मत बनायचं ते जेवताना.

एकोणीसशे आठच्या माघात गव्हावर गेरवा, म्हणजे तांबेरा, पडला. शालिग्राम पाटलाला गावासाठी साऱ्यात सूट हवी होती. ती मिळाली नाही तर बैलांवर पाणी सोडायची पाळी होती. विश्वासरावांना तो पुरता ओळखून होता. त्यानं बैलांच्या घुंगुरमाळा लपवल्या, फाटका अंगरखा चढवला आणि बायकोला बजावलं, की साहेबांना मक्याची रोटी अन् मिरचीची चटणी, बाकी काही नाही.

शेतावर सगळं मनासारखं झालं. "गेरुओ सब खई गयो, हुजूर," पाटील म्हणाला. विश्वासरावांनी हळहळून मान हलवली. सूट जवळजवळ पदरात पडलीच होती.

मग पंगत बसली. विश्वासराव, त्यांचा कारकून आणि भुकेलेले शिपाई. पाटलानं आत पाहून रोटी मागितली आणि बाहेर आले ते बाफले, गव्हाच्या कणकेचे उकडून भाजलेले गोळे, नखशिखांत तुपात न्हालेले. पाटलीणबाईंनी जन्मात पाहुण्यापुढं उणं ताट ठेवलं नव्हतं, आणि ते आता जमणारही नव्हतं. त्यांच्याकडं पाहुण्यानं पानावर आडवा हात धरेपर्यंत वाढत राहायचं असे. शिपायांना तर हात आडवाही धरता येतो याचीच आठवण राहिली नाही.

पाचव्या बाफल्याला विश्वासरावांच्या कपाळावर आठी चढली.

"पाटील, पीक गेलं म्हणता. मग ये गेहूं आया कहाँ से?"

पाटील अंगरख्याची भोकं चाचपू लागला. उत्तर दाराआडून पाटलीणबाईंनी दिलं.

"बीज को थो, साब. आवता बरस सारू राख्यो थो."

विश्वासरावांचा घास तोंडातच थांबला. थुंकावा तर अन्नाचा अपमान, गिळावा तर पुढल्या वर्षीचं शेत पोटात. ज्या शेतावर त्यांनी आजवर हत्ती पोसले, दिवे लावले, ते शेत त्यांनी शिपायांसकट एका पंगतीत फस्त केलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. तो घास त्यांनी कसाबसा गिळला आणि भाषण न करताच ते घोड्यावर चढले.

सूट त्यांनी पुरी लिहिली. पण घरी पोचल्यावर ते थेट कोठीघरात शिरले आणि बायकोनं, उमाबाईंनी, वर्षासाठी निवडून ठेवलेला गहू पाटलाच्या गावी धाडायला गाडीत चढवू लागले.

"जेवायचं तुम्ही, आणि भोगायचं आम्ही होय?" उमाबाई म्हणाल्या.

"बियाणं खाल्लंय मी, बियाणं."

"मग पोळी विसरा."

उमाबाई बोलल्याप्रमाणे वागल्या. विश्वासरावांना ज्वारीची भाकरी मुळीच आवडत नसे. ती त्यांनी वर्षभर खाल्ली, बहुतेक वेळा बिनतुपाची.

पुढल्या माघात ते पुन्हा त्या गावी गेले. उमाबाईंचा गहू कमरेएवढा वाढून ओंब्यांनी लवला होता. गावकरी हत्तीच्या वाक्याची वाट पाहत बसले, पण विश्वासराव सरळ ओसरीवर चढले. पान मांडलं. बाफले आले, तसेच तुपात न्हालेले. विश्वासरावांनी एकाकडे डोळे भरून पाहिलं आणि ते पानावरून उठले. पाटीलही धडपडत उठला.

"बियाण्याची कोठी किधर है?"

पाटलीणबाईंनी आत बोट दाखवलं. विश्वासरावांनी झाकण काढलं, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळ लागला नाही. कोठी गच्च भरलेली होती. नोकरीत त्यांनी इतकी बारीक पाहणी कधीच केली नव्हती.

मग परत येऊन ते पानावर बसले, कमरपट्टा सैल केला आणि म्हणाले, "आता वाढा."