शेरवानीवरचं जिगर

“पोटात दुखतंय म्हणू नका. पोट केवढं मोठं! मोहल्ला सांगा, मोहल्ला.”

पोटदुखीचं निमित्त करून घरी पळू पाहणाऱ्या पोराला मास्टरसाब हेच ऐकवायचे. मोहल्ला सांगता आला नाही की पोरगं परत बाकावर. सातवीत ते आम्हाला शरीरशास्त्र शिकवायचे. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. औरंगाबादची आमची शाळा उर्दूची मराठी झाली होती. मास्टरसाब होते तसेच राहिले होते.

शाळेत तक्ता नव्हता, म्हणून ते स्वतःच तक्ता व्हायचे. काळ्या शेरवानीवर खडूनं जिगर, फेफडे, आतडी काढायचे. पाठीकडच्या गुर्द्यांपर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही, ते काढायला एखाद्या पोराला बोलवायचे आणि गुदगुल्या झाल्या की वर्गाआधी स्वतःच हसायचे. खाल्लेलं कुठून बाहेर पडतं, हे नेमकं वर्गातल्या सगळ्यात सोवळ्या पोराला विचारायचे. “लाजतो काय? रोज जातोस की!”

नव्या पुस्तकात जिगरचं यकृत झालं होतं आणि गुर्द्याचं, म्हणजे किडनीचं, वृक्क.

“वृक्क! हे काय बेडकाचं नाव आहे? शहागंजात जाऊन कसाबाला वृक्क मागून बघा. काही मिळालं तर मलाबी आणा.”

मग एक दिवस इन्स्पेक्टर आले. त्यांनी मलाच उभं केलं. “यकृत कोठे असते?”

पुस्तक आम्ही उघडलंच नव्हतं, मला कुठला शब्द आठवणार? इन्स्पेक्टरांच्या मागं उभे असलेले मास्टरसाब आपल्या उजव्या बरगडीखाली थापट्या मारू लागले. मी घाईघाईत बोलून गेलो, “साहेब, मास्टरसाबांच्या तिसऱ्या गुंडीच्या उजवीकडं!”

वर्ग खदखदून हसला. इन्स्पेक्टर वळले. शेरवानीवर खडूचं जिगर अजून पांढरंशुभ्र होतं.

“हे विज्ञान आहे की तमाशा?”

“साहेब, जागा पोरांना माहीत आहेत. नावं सरकारनं बदलली.”

हे उत्तर त्यांना महागात पडलं. सहा महिन्यांत मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर वर्ग सोडा, असा हुकूम आला. मी त्यांच्यासमोर जायचं टाळू लागलो. त्यांनीच मला व्हरांड्यात गाठलं. “तोंड का लपवतोस? गुंडी तिसरीच होती.”

त्या हिवाळ्यात माझं पोट दुखायला लागलं. वडील म्हणाले, चिंचा खाल्ल्या असतील. आईनं ओवा दिला. दुसऱ्या दिवशी ताप चढला तसं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “कुठं दुखतंय?” मी एकच बोट ठेवलं. “काल बेंबीपाशी होतं. आज इथं उजवीकडं उतरलंय.” त्यांनी तिथं दाबलं आणि मी किंचाळलो. अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. आणखी उशीर झाला असता तर ते आत फुटलं असतं, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं.

चौथ्या दिवशी मास्टरसाब वॉर्डात आले.

“काढलेला तुकडा बघितलास?”

“नाही.”

“अरे, तुझाच होता! मागायचा की!” मग वाकून हळूच म्हणाले, “डॉक्टर सांगत होते, पोरानं बोट बरोबर ठेवलं.”

मी विचारलं, “परीक्षेचं काय झालं?”

“नापास. गाईवर निबंध होता. मी तिच्या पोटात शिरलो, तो बाहेरच आलो नाही.” ते हसले. “पुढच्या आठवड्यात हैदराबादला जातो. भाऊ आहे तिथं.”

मला रडू आलं.

“रडू नको. टाके ओढतील.”

त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. पण त्या दिवशी ते लगेच गेलेही नाहीत. शेजारच्या खाटेवर वेरूळकडचा एक म्हातारा होता, पोटाला पट्टी बांधलेला. मास्टरसाबांनी त्याला विचारलं, “बाबा, तुमचं काय काढलं?”

“काय की बा. डागतर काय सांगत नाय.”

मास्टरसाब त्याच्या खाटेच्या कडेवर टेकले. म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन त्यांनी तो त्याच्याच छातीवर ठेवला, आणि तिथून सावकाश खाली सरकवत एकेक जागा सांगायला सुरुवात केली. नर्स दोनदा ओरडून गेली, तरी ते उठले नाहीत.