जेवत्या हाताला वळा

आमच्या ह्यांना रस्ता सांगायला यंत्र नको होतं, माणूस हवा होता. इतकी वर्षं चाकणहून माल भरून देशभर ट्रेलर चालवला, पण कधी नकाशा उघडला नाही. काच खाली करायची, कोपर बाहेर काढायचं आणि टपरीवर जो असेल त्याला विचारायचं, "राव, बायपास कुठून?" एकट्याच्या सांगण्यावर कधी जायचे नाहीत. दोघांचं जुळलं की मगच गिअर टाकायचे. आता पोलंडला ट्रक चालवायला जायचं ठरलं, तर तिथं विचारणार कुणाला?

पिंपरीतल्या एजंटनं बजावलं होतं की स्वतःचं यंत्र घेऊन जा आणि ते ट्रकचंच घ्या. मोबाइलवरचा नकाशा मोटारीच्या हिशेबानं चालतो, लांबलचक गाडी खुशाल बुटक्या पुलाखाली नेऊन घालतो. हे मान डोलवत होते आणि मी मनात म्हणत होते, न मिळो असलं यंत्र कुठं. कारण यंत्र घेतलं की जाणं पक्कं.

करार दोन वर्षांचा होता. कासारवाडीतला ह्यांचा एक जोडीदार असाच गेला होता. त्याची दोन वर्षं वाढत गेली, फोन कमी होत गेले आणि शेवटी तो तिकडचाच झाला. त्याची बायको बाजारात भेटली की त्याचा विषयच काढत नाही. मला तीच भीती होती. हे गाडी चालवतील, पैसे पाठवतील, सगळं करतील, पण परत येणार नाहीत. तोंडानं मात्र मी चकार शब्द काढत नव्हते. सगळा राग भांड्यांवर निघत होता.

एका रविवारी दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, हसतमुख. पहिलं यंत्र पुढं ठेवून म्हणाला, "ह्यात आधी गाडीची उंची भरायची."

"किती म्हणजे?" ह्यांनी विचारलं. "रिकामी, भरलेली, का हवा काढलेली?"

तो बघतच राहिला. त्याला काय माहीत! आमच्याकडं पूल बुटका लागला की चाकांतली थोडी हवा सोडतात, गाडी बोटभर खाली बसते आणि अलगद निघून जाते. दुकानदार म्हणाला, "दादा, तिथं असं नाही करत. एकच उंची." हे खट्टू झाले. हातातली विद्याच कुणीतरी काढून घेतल्यासारखं तोंड झालं होतं.

मग एकाचा पडदा लहान, एकाची वायर आखूड. हे हरेक यंत्रात खोट काढत होते आणि मला बरं वाटत होतं. एकात बाई बोलत होती, साखरेत घोळलेली. रस्ता चुकला तरी तिचा आवाज तसाच गोड. हे म्हणाले, "ही बाई चिडतच नाही. असल्या बाईचं कोण ऐकतंय?" आणि माझ्याकडं बघून हसले. मेलं, चारचौघांत!

दुकानदारानं शेवटी कपाटातून एक जाड, काळं यंत्र काढलं. "ह्यात हवा तो आवाज भरता येतो. स्वतःचा म्हणा, कुणाचाही."

"बायकोचा चालेल?"

"अहो, घरात कधी माझं ऐकलंत का?" मी फटकन बोलले.

"म्हणून तर. तिथं ऐकावंच लागेल."

तेच घेतलं.

त्या यंत्रात एक गंमत होती. जागचं न हलता खोटा प्रवास करता यायचा. कुठून कुठं ते सांगितलं की नकाशावर निळा बाण आपोआप चालू लागायचा. मग रोज संध्याकाळी चिंचवडच्या आमच्या गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. तिकडं स्टिअरिंग डावीकडं असतं, म्हणून मी ह्यांच्या उजवीकडं बसायचं. मी कंपनीतल्या पहिल्या शिफ्टहून आलेली असायची, दिवसभर रबरी सील तपासून डोळे जड झालेले. समोर हिरवा पडदा, त्यावर तो बाण संथ सरकतोय. नद्या यायच्या, जंगलं यायची, चघळून चघळूनही तोंडात न मावणाऱ्या नावांची गावं यायची. ह्यांच्या हातात स्टीलचं ताट, ते स्टिअरिंगसारखं हळूहळू फिरायचं. खालून भाजीवाल्याची हाक यायची आणि मला वाटायचं, जर्मनीत मेथी आली. अर्धवट डोळे मिटले की गॅलरीच हलायला लागायची. कपड्यांची दोरी, कुंडीतली तुळस, आम्ही दोघं, सगळंच धुक्यातून कुठंतरी निघालेलं. खरं सांगते, लग्नानंतर आम्ही इतके कधी हिंडलो नव्हतो.

पण हे चुकायचे. तिकडं गाडी रस्त्याच्या दुसऱ्या अंगानं चालवायची, त्यामुळं डावं-उजवं सगळं डोक्यात कालवलं गेलं होतं. यंत्र उजवीकडं म्हणालं की ताट डावीकडं. एकदा मोठ्या हमरस्त्यावर असंच झालं आणि मी झोपेतून ओरडले, "अहो, जेवत्या हाताला!"

ताट झर्रकन बरोबर फिरलं.

आमच्या लातूरकडच्या गावात असंच सांगतात. उजवं कोण म्हणतंय तिथं? जेवता हात माणूस कितीही घाबरला तरी विसरत नाही. मग तेच भरायचं ठरलं. एका दुपारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि मी घामाघूम होत बोलायला बसले. यंत्र एकेक वाक्य दाखवायचं आणि मी ते माझ्या पद्धतीनं म्हणायची. "जेवत्या हाताला वळा." "डावीकडं व्हा, आत्ताच व्हा." "चुकलात ना? फिरवा आता." गोल चौकाचं वाक्य आलं तेव्हा कळलं की तिकडं चौकाला उलटी फेरी मारतात. "अरे देवा, उलटी प्रदक्षिणा?" मी म्हणाले, तर तेही यंत्रानं टिपलं. हे हसून हसून लाल झाले. म्हणाले, राहू दे तसंच, लक्षात राहील.

सगळ्यात शेवटचं वाक्य होतं, मुक्कामाला पोचलात.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"बोल की."

"नाही बोलणार," मी म्हणाले. "तुम्ही तिकडं पोचलात असं माझ्या तोंडून यायचं नाही. तिकडं कुठला आलाय मुक्काम? मला भीती वाटते, कळतंय का? तुम्ही परत येणार नाही अशी भीती वाटते." इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं आणि मी रडले.

ह्यांनी यंत्र उचलून माझ्यासमोर धरलं. मग हळूच म्हणाले, "एक वाक्य राहिलं तर आवाज साठवून घेत नाही हे. काहीही बोल, पण बोल."

मी पदरानं तोंड पुसलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "बास झालं. आता घरी या."

ह्यांनी ते तसंच ठेवलं आणि पुढच्या महिन्यात गेले.

आता दीड वर्ष होत आलं. सकाळी कंपनीची बस मोशी ओलांडते तेव्हा मला डुलकी लागते आणि वाटतं, आत्ता मी कुठं असेन? इथं मी सील तपासत असते आणि तिकडं कुठल्या तरी बर्फातल्या रस्त्यावर ह्यांना ओरडत असते. दिवसभर मीच दोन ठिकाणी असल्यासारखं वाटतं. रात्रपाळीला असते तेव्हा तर माझा आवाज माझ्याआधी झोपतो.

परवा ह्यांचा फोन आला. करार वाढवाल का, असं कंपनी विचारतेय म्हणाले. तुम्ही काय सांगितलंत, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी उगाच म्हणाले, "यंत्र चालतंय ना नीट?"

"चालतंय. शेवटचं वाक्य तेवढं ऐकत नाही. गोदाम दिसलं की आवाज बंद करतो."

"का? कंटाळा आला माझा?" मी तोडून विचारलं.

पलीकडं इंजिन बंद झालं.

"तसं न्हाई गं. तिथं गाडी मागं घेऊन लावायची असते," हे म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं की आरशातलं काही दिसत न्हाई."