कुणीच न मारलेला ब्रेक

कोंडिराममामांनी काशीमीऱ्याच्या शोरूममधून विजेची नवी गाडी पळवली आणि सेल्समनलाही पाय बांधून सोबत नेलं, ही बातमी मामा घरी पोचायच्या आधी खारी गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोचली होती. तळमजल्यावर सेल्समनच्या तोंडात रुमाल कोंबला गेला, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता मामांच्या हातात पान्हा आला.

तर आधी हे नीट करून घेऊ. गाडी टेस्ट ड्राइव्हची होती. रुमाल नव्हता, पान्हा नव्हता. सेल्समनचे पाय कुणी बांधले नव्हते, त्याने सीटवर मांडी घातली होती. मांडी मात्र मामांनीच घालायला लावली होती, हे खरं.

मामा मूळचे उदगीरकडचे. आयुष्यभर गाड्या चालवल्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या. आधी एका शेटची, मग कंपनीची स्टाफबस. आता लेक संघप्रिया लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिने ठरवलं की घरातली पहिली गाडी घ्यायची, तीही विजेची, चांगली उंच. लायसन्स घरात एकट्या मामांकडे. म्हणून ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही चालवून बघा. जमली तर बुक करते."

जमली तर! आणि वैजयंतामामी चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, "नाहीच जमली तर ड्रायव्हर ठेवू की."

मामांना ठसका लागला. ड्रायव्हरच्या घरी ड्रायव्हर!

रविवारी संध्याकाळी बापलेक शोरूमला गेले. मामा स्टिअरिंगवर, शेजारी टाय लावलेला गुणवंत नावाचा सेल्समन, मागे संघप्रिया. मामांनी बटण दाबलं आणि कान देऊन बसले. काहीच नाही.

"सर, घ्या ना पुढे."

"चालू तर होऊ दे."

"चालूच आहे सर."

"कुठं चालू हाय? आवाज कुठाय?"

"आवाज नसतो सर. एकदम सायलेंट."

मामांनी पुन्हा बटण दाबलं.

"आता बंद झाली सर."

पुन्हा दाबलं.

"आता चालू."

"मगाशी बी असंच म्हनलास," मामा म्हणाले.

शेवटी गाडी निघाली. डावा पाय बिचारा क्लच शोधत फिरत होता, त्याला हाती काहीच लागेना. हायवेला ट्रकांच्या मधोमध मामांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि कुणीतरी मागून शर्ट धरून ओढावं तशी गाडी हळू झाली.

"ब्रेक कोन मारलालाय?"

"कुणी नाही सर."

थोडं पुढे गेल्यावर पाय उचलला, पुन्हा तेच. आता मामांच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि नेमका चुकीच्या जागी पडला. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस कुणाला धडकू नये म्हणून. म्हणजे यांनी आपल्याला शिकाऊ गाडी दिलीय! म्हणजे लेकीनेच आधी फोन करून सांगितलं असणार की म्हातारा आहे, सांभाळून घ्या. त्यांनी आरशात पाहिलं. संघप्रिया मोबाइलमध्ये बघत होती. दोषी दिसत होती. मोबाइलमध्ये बघणारा कुणीही दोषीच दिसतो म्हणा.

मामांनी गाडी कडेला घेतली. "तुझ्या पायाखाली काय हाय रे?"

"मॅट आहे सर."

"बूट काढ. पाय वर घे. मांडी घाल."

"सर, सेफ्टीच्या दृष्टीने..."

"पप्पा, काय चाललंय?"

"तू गप. पंगतीला बसल्यावानी बस लेका, लाजू नको."

गुणवंतला महिन्याचं टार्गेट होतं. त्याने मांडी घातली.

"आता केबिन रोडच्या बाजारात घेतो."

"सर, आपला रूट हायवेचाच आहे."

"हायवेला कुठलीबी गाडी पळती. केबिन रोडला कळतंय काय ते."

केबिन रोडला रविवारची गर्दी. हातगाड्या, रिक्षा, पिशव्या. गाडीला आवाज नाही, त्यामुळे कुणी बाजूलाच होईना. लोक वळून बघायचे ते काचेला खेटल्यावर, आणि त्यांना दिसायचा सीट बेल्ट आवळून मांडी घालून बसलेला, घामेजलेला, टायवाला माणूस. फरसाणवाल्याने आतून आरोळी ठोकली, "अरे कोंडिरामभाय, किसको उठाके लाये?" गुणवंतने काचेआडून त्याला नमस्कार केला. अफवा इथे जन्मली.

इतक्यात पेरूची गाडी आडवी आली. मामांनी पाय उचलला. तो ब्रेकवर पोचायच्या आत गाडी आपोआप मंदावली आणि पेरूंपासून हातभर अंतरावर थांबली. मामांनी गुणवंतकडे पाहिलं. त्याचे दोन्ही पाय सीटवर, मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

म्हणजे ब्रेक कुणीच मारला नव्हता. मामांना आता संशय घ्यायला माणूसच उरला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"सर, पाय उचलला की ती स्वतःच हळू होते," गुणवंत काकुळतीने म्हणाला. "ती पॉवर बॅटरीत परत जाते. आपल्याला फायदाच."

मामा हां हां म्हणाले, डॉक्टरसमोर आपण म्हणतो तसं. पुढच्या वळणावर गाडी उभी केली आणि उतरले. "ही तू ने परत." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "ड्रायव्हर ठेव," आणि चालत घरी निघाले.

संघप्रियाने मला फोनवर खरं काय ते सांगितलं होतं, आणि मामा जिना चढत होते तेव्हा मी वरच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना 'ब्रेक कोन मारलालाय' करून दाखवत होते. आवाज हुबेहूब जमला होता, आणि मामा नेमके मागे.

"मला हसलालीस व्हय गं?"

जीभ चावायची तर मी अजून फाजीलपणा केला. "मामा, तुम्ही आता त्या गाडीत पुन्हा बसतच नाही. लावता पैज?"

मामा म्हणाले, "लाव."

मी जिंकले तर महिनाभर दर शनिवारी दाबेली. मामा जिंकले तर महिनाभर त्यांचा आवाज काढायचा नाही.

आठवडाभर मामा गाडीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि मी मनातल्या मनात दाबेलीवर जास्त शेव मागत होते. रविवारी ते रिक्षा करून एकटेच शोरूमला गेले. गुणवंतला आधी वाटलं तक्रार करायला आले. पण मामा म्हणाले, "मला ही येत नाही. पहिल्यापासनं शिकीव." मग शोरूममागच्या मोकळ्या जागेत ते दुपारभर शिकाऊ माणसासारखे चकरा मारत राहिले.

पुढच्या महिन्यात गाडी आली. तिच्यात शेजारी मामी, मागे संघप्रिया, आणि स्टिअरिंगवर मामा. गाडी त्यांना अजून कळलेली नाही. थांबले की दर वेळी लेकीला विचारतात, "बंद झाली का गं?" तीही बघते आणि म्हणते, "वाटतंय तरी."

मी पैज हरले. महिनाभर तोंड बंद आहे. लिहायचं नाही असं मात्र ठरलं नव्हतं.