चाकाची धाव आणि शुक्राची चांदणी

ये, अशी जवळ सरक. तिकडं कडेला बसून काय वाचतीस? आणि सकाळपासून पोटात काही गेलंय का, का नुसता चहाच? तुमचं हे असंच. बोलावलं तर येत नाही, आली तर जेवत नाही. घे, तो लाडू घे आधी, मग ऐक.

परवा तू विचारलंस ना, की आजी, शाळेत गेली नाहीस तरी कोणता तारा जास्त गरम हे तुला कसं कळतं? त्याचं असं झालं.

दुष्काळ सरून पीकपाणी जरा बरं आलं होतं, त्या सालचा वैशाख. माझं सासर मानवतच्या पलीकडं, आणि माहेर पाच कोसांवर, यष्टी जात नव्हती अशा गावी. माझ्या एकुलत्या एका भावाचं लग्न होतं. सकाळी हळद. पहिली हळद बहिणीनंच लावायची, असं आईनं मला केव्हाचं सांगून ठेवलेलं. आणि आदल्या दिवशी सकाळी बघते तर काय, आमच्या बैलगाडीच्या डाव्या चाकाची धाव निसटून अंगणात पडलेली!

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी कडी. वैशाखात लाकूड वाळून आकसतं आणि धाव ढिली होते. गावातल्या बाकी गाड्या लग्नसराईत गेलेल्या. माझ्या कडेवर रांगतं लेकरू, सोबत ट्रंक आणि आहेराची लुगडी. चालत जाणं काही शक्य नव्हतं.

सासरे म्हणाले, "चाक झालं तर सांजच्याला निघू. न्हाई झालं तर भावाची हळद तुझ्याबिगर." माणूस कठोर नव्हता गं, खरं होतं तेच बोलला.

लोहार आला, त्याची बायको आली. लोहारानं धाव थोडी कापून पुन्हा जोडली. आता ती चाकापेक्षा बोटभर लहान झाली. ती तापवायची, तापली की लोखंड अंग धरतं, मोठं होतं. मग चाकावर घालायची आणि पाणी ओतायचं. गार होताना ती अशी आवळते, की चाक हलायचं नाव घेत नाही.

भर दुपार होती. उन्हात पडलेल्या धावेला सासऱ्यांनी हात लावला आणि ओरडलेच.

"आगं आई! ही तर उन्हानंच निम्मी तापलीय. चार गोवऱ्यांत काम भागंल."

लोहारीण हसली. "मालक, उन्हानं काम भागलं असतं तर आमच्या भात्याला कुत्र्यानं तरी इचारलं असतं का?"

"परभणीचं ऊन हाय हे बाई, मुंबईचं न्हाई!"

मालकापुढं कोण बोलणार? थोड्याच गोवऱ्या पेटवल्या, धाव उचलली आणि चाकावर ठेवली. एका अंगानं बसली आणि दुसऱ्या अंगानं वरच राहिली, झोपलेल्या माणसाच्या टोपीसारखी तिरपी. घण मारून मारून लोहाराचे खांदे दुखले, पण ती खाली जाईना. शेवटी ठोकून परत काढावी लागली.

मी दाराआड जाऊन पदरानं डोळे पुसायला लागले. माझी नणंद तेव्हा मानवतला दहावीत शिकायची. तिच्याच पुस्तकांवरून मी लिहा-वाचायला शिकले. ती तरातरा बाहेर सासऱ्यांपुढं गेली. बापाला ती दादा म्हणायची.

"दादा, आपल्याला चटका बसला म्हंजी लोखंड तापलं व्हय? आपल्या हाताला जिथं सोसवत न्हाई, तिथं लोखंडाची अजून सकाळ बी झाली न्हाई!"

लोहार म्हणाला, "ताई बराबर बोलायल्या. ऊन उतरू द्या. ह्या उजेडात लोखंडाचा रंग बी दिसत न्हाई."

मग काय, आम्ही दोघी टोपल्या घेऊन घरोघर फिरलो. भावाची हळद म्हटल्यावर कुणी नाही म्हणेना. शेजारणीनं तर पावसाळ्यासाठी रचलेला गोवऱ्यांचा उडवा फोडला. दिवस मावळताना धावेभोवती असा जाळ केला, की आम्ही सगळे दहा हात मागं सरलो.

धाव काळपट लाल झाली. सासरे लगेच उठले. "झाली लाल! उचला!"

"लाल म्हंजी अजून कच्ची," लोहारीण म्हणाली. "शेंदरी होऊ द्या."

"लालच्या वर काय असतं?"

नणंदेनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. पूर्वेला ज्येष्ठा नुकती वर आलेली, डोक्यावर चित्रा. "ती ज्येष्ठा लाल हाय ना दादा? आमच्या बाई म्हणत्यात, लाल तारा ताऱ्यांत गार. चित्रा निळसर पांढरी, ती लय जास्त गरम. आणि गार म्हंजी बी किती, तर ही धाव तिथं नेली तर वितळून तिची वाफ होईल."

"आमी तर चांदणं गार म्हणतो!"

"लांबून बघता म्हणून."

सासऱ्यांना आता गंमत वाटायला लागली. पश्चिमेला शुक्र लखलखत होता, तिकडं बोट केलं. "ही आपली शुक्राची चांदणी तरी गार आसंल."

"तो ताराच न्हाई दादा, आपल्या पृथ्वीसारखा ग्रह हाय. पर तिथं शिसं ठेवलं तर पातळ होतंय."

सासऱ्यांनी मान वर करून शुक्राकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "आरं देवा! शुक्र बुडाला की आमी लग्नं थांबवतो. आन् तिथं अशी भट्टी! तरीच लग्न झाल्यावर घराघरात जाळ हाय!"

लोहारीण पोट धरून हसली. लोहाराचा भाता हसण्यानं अडखळला. मीसुद्धा हसले, डोळ्यांत पाणी तसंच. आणि ह्या शुक्राच्या नादात सासरे घाई विसरले, तेवढ्यात धाव शेंदरी झाली.

"आता!" लोहार ओरडला.

चिमट्यांनी उचलली, चाकावर टेकवली. लाकडाचा धूर, एक ठोका, दुसरा, आणि सरळ खाली बसली! आम्ही दोघींनी घागरी ओतल्या. चर्र झालं, वाफेत कुणी कुणाला दिसेना, आणि आतून चाक करकर करकर आवळत गेलं. सासऱ्यांनी त्याला लाथ मारून बघितली. हललं नाही.

जेवणं उरकून निघालो. नणंद वाटभर बोलतच होती. उजाडायला माहेरच्या वेशीत शिरलो, तर भाऊ माझ्यासाठी पाटावर बसायचा थांबलेला. आई म्हणे केव्हाची ओरडत होती, मुहूर्त टळतोय म्हणून. मी गाडीतून उडी मारली, हात धुवायचंही सुचलं नाही. त्याच्या गालावर हळद लावली, तर पिवळ्यात माझी धुराची काळी बोटं उमटली.

"अगं, नवरदेवाला काळं फासतीस काय!" आई ओरडली.

"ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला. "बहिणीचीच बोटं हायेत."

त्यानं ती अक्षता पडेपर्यंत पुसली नाहीत बघ. नवरीकडची माणसं विचारत होती, ही कोणती रीत म्हणून!

तो भाऊ आता थकलाय. गुडघे धरतात, गावाबाहेर पडत नाही. आपणच जाऊ दोघी, त्याला बरं वाटेल. तू सवडीची वाट बघत बसू नकोस, या महिन्यातच परत ये गं बाई.