पावण्यांचं फोल्डर

कुणाचाही कोड समोर आला की सुजाताताई आधी विचारायच्या, "ह्यो आपला, का पावण्याचा?"

दवाखान्यात औषध मोजून सोडणारे पंप असतात, त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही कोल्हापुरात लिहायचो. सगळंच आम्ही लिहीत नव्हतो. पुष्कळसा कोड इतरांनी लिहून, कुणीही वापरावा म्हणून खुला ठेवलेला असतो, तो आणायचा. ताई शिरोळच्या, आमच्या टीमच्या प्रमुख. बाहेरच्या कोडसाठी त्यांनी वेगळं फोल्डर केलं होतं. नावच 'पावणं'. "पावण्याला भायेर सोप्यात बसवायचं. कुठनं आला, कवा आला, लिवायचं. थेट सैपाकघरात न्हाय न्यायचं," हे त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मोठ्यानं सांगायच्या. मलाही सांगितलं होतं.

तरी मी नेलं. त्याच फोल्डरमधला वेळ मोजणारा एक कोड उचलला, दोन ओळी बदलल्या, मूळ लेखकाची नोंद पुसली आणि आमच्या कोडमध्ये मिसळून टाकला. काम लवकर झालं म्हणून माझं कौतुकही झालं.

दीडेक वर्षानं एका दवाखान्यात पंप मध्येच थांबला. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. चूक त्याच कोडमध्ये होती. ताईंनी 'पावणं'मधली प्रत तासाभरात दुरुस्त करून सगळ्या पंपांवर पाठवली. माझ्या प्रतीचं मला आठवत होतं. दोन ओळी बदलल्यात, तिला काही होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी आणखी एक पंप थांबला. खाटेवर एक म्हातारा होता. तो वाचला नाही. पंपामुळेच गेला का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

ताई वेड्यासारख्या शोधत सुटल्या. "आनि कुठं हाय रं ह्यो? सापडंना की!" त्यांचा आवाज इतका फाटलेला मी कधी ऐकला नव्हता.

"ताई, माझ्याकडं आहे," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "काल का न्हाय बोललास?"

मी ती फाईल उघडून स्क्रीन त्यांच्याकडं वळवला.

दुरुस्ती झाल्यावर ताईंनी अहवाल लिहिला. 'मिसळला' यापुढे माझं नाव. त्याखाली, 'लक्ष ठेवलं नाही' यापुढे त्यांचं. साहेबांनी राजीनामा ताईंचा घेतला. मला ताकीद देऊन ठेवून घेतलं.

शेवटच्या दिवशी त्यांची पिशवी घेऊन मी स्कूटरपर्यंत गेलो. "ताई, माफ करा."

"मला कशाला मागतोस? मी गेलतो त्या म्हाताऱ्याच्या घरी, पेठ वडगावला. म्हातारीनं च्या केला. पंपाचं सांगाय गेलतो, आन् च्या पिऊन परत आलो. तोंडच उघडलं न्हाय माझं." त्यांनी पिशवी घेऊन स्कूटरवर पायाशी ठेवली. "तुला जमतंय का बघ."

आणि त्या गेल्या.

पेठ वडगाव कोल्हापूरहून तासाभराच्याही आत आहे. मी अजून गेलेलो नाही.